फेंडरच्या बेस विभागाला खुले पत्र : मजबुती खालच्या मालिकेपासून द्या

फेंडर कंपनीच्या बेस गिटार विभागातील सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

मी मालवणचा. गणपतीपासून शिमग्यापर्यंत वाद्यवृंदांत बेस वाजवतो, नाताळच्या दिवसांत चर्चमध्ये साथीला असतो, आणि पावसाळ्यात कार्यक्रम थांबले की आसपासच्या वादकांचे बेस-गिटार नीट करून देतो. देवगड, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला, सगळीकडून वाद्यं येतात. कंपन्या निरनिराळ्या असतात, काहींवर तर नावही नसतं. आराखडा मात्र जवळपास प्रत्येकाचा तुमचाच असतो, एक तर १९५१ सालच्या प्रिसिजनचा, नाहीतर १९६० सालच्या जॅझ बेसचा. तुम्ही एक स्क्रू बदललात की काही वर्षांत तो जगभरच्या नकलांमध्ये बदलतो. म्हणून हे पत्र दुसऱ्या कोणाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मुद्दा एकच आहे. तुमच्या यादीत वरून खाली येऊ तशी वाद्याची हवा-पाण्यापासूनची राखण कमी कमी होत जाते. नेकमधल्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यातल्या, ग्रॅफाइटच्या सळ्या वरच्या अमेरिकन बेसना. गुणगुण न करणारे पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारे चुंबकी भाग, वरच्या बेसना. चांगली केसही त्यांनाच. आणि हे वरचे बेस जातात कुठे? बहुतेक करून एसी खोलीत. ज्याला ते परवडतात त्याच्या शहरात चांगला कारागीरही असतो. स्क्वायर या तुमच्या स्वस्त ब्रँडच्या अफिनिटी किंवा सोनिक मालिकेतला बेस मात्र एसटीच्या मागच्या बाकावरून जत्रेला जातो, खाऱ्या वाऱ्यात रात्रभर वाजतो आणि पहाटे दवाने ओल्या झालेल्या बॅगेतून घरी येतो. ज्याला मजबुतीची गरज सर्वात जास्त, त्याच्याच वाट्याला ती सर्वात कमी येते. ही उतरंड उलटी करा.

हे तुमच्या घराण्याला परकं नाही. लिओ फेंडर स्वतः वादक नव्हते. फुलर्टनमध्ये त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वाद्य करतानाही त्यांचं डोकं दुरुस्ती करणाऱ्याचंच राहिलं. नेक सरसाने चिकटवण्याऐवजी त्यांनी स्क्रूंनी बसवली, म्हणजे बिघडली तर बदलता यावी. वायरिंग प्लेटखाली ठेवलं, म्हणजे पेचकस लावला की सगळं समोर. १९५१ साली प्रिसिजन आला तेव्हा माणसाएवढा डबल बेस घेऊन गावोगाव फिरणाऱ्या वादकांची सुटका झाली, आणि फ्रेटमुळे, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमुळे, सूरही नेमका लागू लागला. फिरत्या, कष्टाच्या, खिशाला बेताच्या वादकासाठीच तो बेस घडला होता. तोच वादक आज तुमच्या यादीत सर्वात खाली उभा आहे.

आधी नेकबद्दल बोलतो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या बेसचं मुख्य दुखणं तेच असतं.

आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते. त्याच घरात बेसही असतो. चार तारांचा मिळून सुमारे पाऊणशे ते ऐंशी किलोंचा ताण त्याच्या नेकवर रात्रंदिवस असतो. लाकूड ओल धरतं, मधे चार दिवस ऊन पडलं की सोडतं, पुन्हा धरतं. नेक कधी पुढे झुकते, कधी मागे. पुढे झुकली की तारा वर उचलल्या जातात आणि वाजवणाऱ्याची बोटं दुखतात. मागे गेली की पहिल्या पाचेक फ्रेटवर तार खरखरायला लागते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या दारात पोरं बेस घेऊन उभी राहतात ती याच तक्रारीने. "ह्येका काय झाला रे? मे महिन्यात तर बरो होतो!"

यात दोष कोणाचाच नाही, लाकूड आहे ते. ट्रस रॉड, म्हणजे फिरवून नेक सरळ करायची आतली सळई, त्यासाठीच असतो. पण त्या रॉडपर्यंत हात पोचायला हवा ना! तुमच्या व्हिंटेज पद्धतीच्या मॉडेलांत, म्हणजे व्हिन्टेरा किंवा अमेरिकन व्हिंटेज टू मध्ये, रॉडचं तोंड नेकच्या खालच्या टोकाला, बॉडीच्या आत दडलेलं असतं. पाव फेरा द्यायचा तर तारा सैल करा, नेकचे स्क्रू काढा, नेक उचला, पाव फेरा द्या, पुन्हा बसवा, तारा चढवा, सुरात आणा, आणि मग बघा पुरेसं झालं का. नाही झालं तर पहिल्यापासून. प्रत्येक वेळी लाकडातली स्क्रूची भोकं थोडी मोठी होतात. दहा-बारा पावसाळे असं केल्यावर त्या स्क्रूंना पकड उरत नाही, मग आम्ही भोकांत बांबूच्या काड्या सरस लावून ठोकतो आणि नव्याने भोक पाडतो.

आमचा पखवाजवाला भजन चालू असताना मांडीवरच हातोडी घेऊन गठ्ठे ठोकतो आणि दोन कडव्यांच्या मधे पुडी सुरात आणतो. समोर बसलेल्या माणसांना कळतही नाही. चामडं तर लाकडापेक्षा जास्त ओल धरतं, पण त्या वाद्याच्या घडणीतच त्यावरचा उपाय वादकाच्या हाताशी ठेवलेला आहे. मला बेसमध्ये नेमकं हेच हवं आहे.

रॉडचं तोंड हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्यांच्या टोकाशी, असलेले तुमचे बेस त्या मानाने सोयीचे आहेत. पण तिथे दुसरीच अडचण येते, चावीची. तुमच्या अमेरिकन आणि मेक्सिकन बेसना ३/१६ इंचाची ॲलन की लागते, स्क्वायरना मिलिमीटरमधली. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. आमच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात इंचाची ॲलन की मिळत नाही, कारण इथे ती कोणालाच लागत नाही. पाच मिलिमीटरची आत जात नाही, साडेचारची आत जाऊन फिरते. वादक घाईत असतो, कार्यक्रम संध्याकाळी असतो, तो साडेचारची घालतो आणि जोर लावतो. रॉडच्या तोंडाचे सहा कोपरे गोल झाले की मग कुठलीच चावी चालत नाही. चांगला आवाज देणारे, चांगल्या लाकडाचे बेस एवढ्यासाठी भिंतीला टांगलेले मी पाहिले आहेत.

यावरचा उपाय जगाला ठाऊक आहे. अर्नी बॉल म्युझिक मॅनच्या बेसना नेकच्या खालच्या टोकाशी, फ्रेटबोर्ड संपतो तिथेच, भोकं असलेलं एक छोटं चाक असतं. भोकात बारीक पेचकस किंवा खिळा घालायचा आणि चाक फिरवायचं. तारा सोडायच्या नाहीत, नेक काढायची नाही, विशिष्ट चावी शोधायची नाही. म्युझिक मॅनचा पहिला स्टिंगरे १९७६ साली बाजारात आणणारे लिओ फेंडरच होते, म्हणजे ते घर काही तुम्हाला लांबचं नाही. हे चाक तुमच्या सर्वात स्वस्त बेसपासून वरपर्यंत सगळ्यांना बसवा. व्हिंटेज मॉडेल घेणाऱ्याला जुनं रूप हवं असतं हे मला मान्य आहे. पण पिकगार्डच्या कडेला दिसणाऱ्या एवढ्याशा चाकाने त्या रूपाला धक्का लागत असेल तर लागू द्या.

लाकडाबद्दल आणखी थोडं. तुमच्या बऱ्याच स्क्वायर बेसवर फ्रेटबोर्ड इंडियन लॉरेलचा असतो. ते झाड म्हणजे आमच्या सह्याद्रीतला ऐन. आमच्याकडे ऐनाचे वासे पिढ्यानपिढ्या घरांना लागत आले आहेत, लाकूड वाईट मुळीच नाही. पण नेकच्या पाठीला तुम्ही पॉलिशचा थर देता आणि फ्रेटबोर्ड उघडा ठेवता. मग ओल एकाच बाजूने शिरते आणि नेक वाकायला आणखी एक कारण मिळतं. त्याहून मोठी चूक नेकच्या टोकाला होते. लाकूड पाणी पितं ते आडव्या कापाच्या टोकाकडून, हे आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणारा कुठलाही कारागीर सांगेल. नेक उतरवून बघितली की स्वस्त बेसमध्ये ते टोक बहुतेक वेळा कोरडं, उघडं दिसतं. तिथे पॉलिशचा एक हात मारायला कारखान्यात कितीसा वेळ लागेल? फ्रेटबोर्डला पेटीत घालण्याआधी तेल पाजा. आणि अमेरिकन मालिकेतल्या पॉसिफ्लेक्स ग्रॅफाइटच्या सळ्या अफिनिटीपर्यंत खाली आणा. स्क्वायरच्या कंटेम्पररी मालिकेत तुम्ही भाजलेल्या मेपलच्या नेक दिल्या तेव्हा मला फार आनंद झाला होता. उष्णतेने भाजलेलं लाकूड ओल कमी धरतं, आमच्यासाठी ते सोनं आहे. पण ते तुम्ही आधुनिक दिसणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह सर्किटच्या बेसपुरतं ठेवलंत. साध्या प्रिसिजनला ती नेक द्या.

आता गंज. माझा स्वतःचा एक जुना बेस आहे, कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, तुमचा नाही. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली सॅडल असतं आणि सॅडलच्या दोन्ही कडांना तारेची उंची ठरवणारे दोन बारीक, बिनडोक्याचे स्क्रू. जाड तारेच्या सॅडलचा एक स्क्रू मी भिंगाखाली धरून पाहिला. सहा कोनांच्या खाचेच्या जागी तांबूस भुकटी भरलेली. टाचणीने कोरून काढली तर खाली धातू उरलाच नव्हता, नुसता गोल खड्डा. स्क्रू सॅडलमध्ये असा रुतला होता की रात्रभर तेल सोडून, सकाळी सोल्डरिंगच्या टोकाने तापवूनही हलला नाही. शेवटी ड्रिल करून सॅडलच फोडावं लागलं, आणि मग त्या मापाचं सॅडल शोधणं आलं. माझं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक बेसची गत थोड्याफार फरकाने हीच होते.

चार सॅडल, आठ स्क्रू. स्टेनलेस स्टीलचे घाला, एवढीच मागणी. ब्रिज बसवण्याचे स्क्रू, नेकचे स्क्रू, जॅकची प्लेट हेही त्याच धातूचं झालं तर उत्तम, पण हे आठ स्क्रू आधी. सॅडल, नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकवणारी खाचांची पट्टी), ट्यूनिंगच्या खुंट्या, जॅक असे सुटे भाग एका पुडीत घालून जिथे जिथे तुमचे बेस विकले जातात तिथे तिथे विकायला ठेवा. आज आम्हाला एका सॅडलसाठी गोवा, कोल्हापूर, नाहीतर मुंबईची वाट धरावी लागते. आणि स्वस्त बेसवर कारखान्यातून फ्लॅटवाउंड तारा लावून द्या. १९५१ साली तुमच्याच बेसवर त्या होत्या. गुळगुळीत तारेत घाम आणि मीठ साचत नाही, ती इथे राउंडवाउंडपेक्षा कितीतरी जास्त टिकते, आणि भक्तिगीत-भावगीताच्या साथीला तिचा गोल आवाज जास्त शोभतो. ज्याला खणखणीत आवाज हवा तो तारा बदलून घेईल.

आता सुराकडे येतो. हा भाग मला सर्वात जिव्हाळ्याचा आहे, आणि तुमच्यापर्यंत कोणी पोचवला असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे गायक पट्टी सांगतो ती पेटीच्या कळेवरून. काळी एक, पांढरी दोन, काळी पाच अशी. इथल्या वाद्यवृंदात पुरुष गायक असेल तर पट्टी बरेचदा काळी एकच्या आसपास येते. गायिका असेल तर काळी चार, काळी पाच. आता तुमचा चार तारांचा बेस घ्या. मोकळ्या तारा कोणत्या? पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. म्हणजे चारही पांढऱ्या. पाश्चात्त्य गिटारवाद्यांच्या बैठकीत त्या सोयीच्या आहेत, कारण त्यांची गाणी त्याच स्वरांवर बांधलेली असतात. काळी एकमध्ये मात्र एकही मोकळी तार षड्ज किंवा पंचम होत नाही.

हे सरावाने निभतं. जे निभत नाही ते पुढे. काळी एकमध्ये पंचम सर्वात जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर येतो. तिथून खाली उतरायला लागा. मध्यम मिळतो, शुद्ध गंधार मिळतो, मोकळ्या तारेवर कोमल गंधार मिळतो, आणि तार संपते. ऋषभ आणि खालचा षड्ज राहून जातात. गायक ध्रुवपदावर परत येतो, तबला समेवर येतो, आणि बेसला ज्या खर्जातल्या षड्जावर उतरायचं असतं तोच त्याच्याकडे नसतो. मग वरच्या सप्तकातला षड्ज वाजवून वेळ मारून न्यायची. ऐकणाऱ्याला नेमकं काय कमी पडलं ते सांगता येत नाही, पण समेचं वजन गेलेलं असतं. जाड तारेचा स्वर ४१.२ हर्ट्झवर असतो. काळी एकचा खर्ज ३४.६५ वर. एवढंसं अंतर, पण सगळी बैठक त्यातच आहे.

पाचवी तार असली की ती ३०.८७ हर्ट्झपर्यंत खाली जाते. तिच्या दुसऱ्या फ्रेटवर काळी एकचा षड्ज, चौथ्यावर ऋषभ. काम झालं. म्हणून आमच्याकडच्या बेसवादकाला पाच तारांचा बेस चैनीसाठी नको असतो, पहिल्या दिवसापासून लागतो. ज्यांना तो परवडत नाही ते चार तारांच्या बेसवर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा चढवतात. त्यासाठी नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात, वरची बारीक तार कायमची जाते, आणि पुढे कधी मूळ तारा लावायच्या म्हटल्या तर त्या रुंद खाचेत हलतात. अशी कापलेली नट मी अनेक बेसवर पाहिली आहे.

तुम्ही पाच तारांचे बेस करता हे मला ठाऊक आहे. स्क्वायरमध्येही अफिनिटी जॅझ बेस फाइव्ह तुम्ही आणलात, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण यादीत पाच तारांचं मॉडेल अजूनही चार तारांच्या मॉडेलची शेपटी म्हणून येतं. रंग एक-दोन, पर्याय कमी, प्रिसिजनच्या पिकअपचा स्वस्त पाच-तारी तर शोधूनही सहज सापडत नाही. १९६५ साली तुम्ही फेंडर बेस फाइव्ह काढला होता. त्यात पाचवी तार वरच्या बाजूला होती, फ्रेट पंधरा, आणि १९७० मध्ये तो बंद झाला. त्या काळच्या वादकाला वरची तार नकोच होती. खालची तार हवी असणारे आज जगभर आहेत. चर्चमधले वादक आहेत, कीबोर्डच्या खालच्या सुरांशी जुळवून घेणारे वाद्यवृंदातले वादक आहेत, आणि आम्ही पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर गाणाऱ्यांचे साथीदार आहोत.

मात्र पाचवी तार नुसती लावून भागत नाही. ३४ इंचांच्या लांबीवर ती पातळ असली तर लोंबते आणि स्वर फुटतो. कारखान्यातून येताना निदान १३० गेजची, म्हणजे ०.१३० इंच जाडीची, तार लावा, ब्रिजवरून न ओवता बॉडीच्या मागून ओवायची सोय द्या, आणि नेकमध्ये त्या ग्रॅफाइटच्या सळ्या घाला, कारण पाच तारांचा ताण चारपेक्षा जास्त. पुन्हा तोच मुद्दा येतो. ज्या वाद्यावर ताण जास्त त्यालाच आधार कमी मिळायला नको.

फ्रेटलेसबद्दलही सांगितलं पाहिजे. प्रिसिजनचा फ्रेट नसलेला अवतार तुम्ही १९७० सालीच दिलात. अलीकडे स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेत फ्रेटलेस जॅझ बेस आहे, तो मी वाजवून पाहिला आहे आणि त्या किमतीत तसं वाद्य देणं ही मोठी गोष्ट आहे. आमच्या संगीतात मींड आहे, आंदोलित स्वर आहेत. गायक कोमल निषादावरून धैवतावर जेव्हा ओढत उतरतो तेव्हा फ्रेटच्या पायऱ्यांवरून त्याच्यामागे जाता येत नाही. फ्रेटलेसवर बोट सरकवत त्याच्याबरोबर जाता येतं. पण तो चार तारांचा. म्हणजे मींड घेता येते आणि खर्ज मिळत नाही. फ्रेटच्या जागी फिकट रेषा असलेला, पाच तारांचा, परवडणारा फ्रेटलेस बेस तुम्ही काढलात तर भारतात त्याला किती मागणी येईल याची तुम्हाला कल्पना नाही. कर्नाटक संगीताच्या साथीला बेस वाजवणारेही तो घेतील.

जॅझ बेसच्या गुणगुणीचं थोडक्यात. मंडप गावाबाहेर, लाईट जनरेटरवर, अर्थिंग असतं-नसतं, आणि स्टेजवर रंगीत दिव्यांचे डिमर. अशा ठिकाणी सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतो. दोन्ही नॉब पूर्ण उघडे ठेवले तर गुणगुण बरीच जाते, एक थोडा कमी केला की परत येते, म्हणजे दोन नॉब असून आवाजाचा रंग बदलायची मोकळीक नाही. प्रिसिजनमध्ये हा प्रश्न तुम्ही १९५७ सालच्या दुभंगलेल्या पिकअपने कायमचा सोडवला होता. वरच्या जॅझ बेसना नॉइजलेस पिकअप आहेत. खालच्यांना द्या. ॲक्टिव्ह बेस असेल तर बॅटरी संपल्यावर पॅसिव्हवर टाकायचं बटण सक्तीने द्या, रात्री दोन वाजता जत्रेत नऊ व्होल्टची बॅटरी मिळत नाही.

शिकणाऱ्या मुलांसाठी ३० इंचांचे मस्टँग आणि ब्राँको आहेत, ते छानच आहेत. ३४ इंचांच्या बेसवर पहिल्या फ्रेटची रुंदी साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरच्या घरात जाते, ३० वर ती त्रेचाळीसच्या आत येते, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या हाताला हा फरक फार मोठा असतो. पण ३० इंचांवर जाड तार ढिली वाटते. मधला ३२ इंचांचा बेस नेहमीच्या यादीत आणा. लहान चणीच्या मोठ्या माणसांनाही तो लागतो. डावखुऱ्यांचं गाऱ्हाणं तर तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत असाल. स्वस्तातला पाच-तारी डावा बेस मागणारा मुलगा माझ्याकडे आला की मला त्याला काय सांगावं ते कळत नाही.

या सगळ्याला पैसे लागतात हे मला समजतं. स्वस्त बेसची किंमत वाढवून चालणार नाही, कारण मग तो इथल्या पोराच्या हातात पोचायचाच नाही. पण तुमच्या यादीकडे पाहताना मला वाटतं की काटायला जागा आहे. अमेरिकन व्हिंटेज टू मध्ये १९५४, १९६० आणि १९६६ सालचे बेस आहेत. व्हिन्टेराचे दोन अवतार झाले. क्लासिक व्हाइबमध्ये पुन्हा पन्नास, साठ आणि सत्तरच्या दशकांची मॉडेलं. तोच बेस, वेगळ्या सालाचा पिकगार्ड, वेगळ्या सालाचा लोगो. तुमचा इतिहास मोठा आहे, तो जपलाच पाहिजे, मीही त्या आकारांच्या प्रेमात आहे. तरी एका मालिकेत जुन्या सालांची चार मॉडेलं असण्यापेक्षा दोन असावीत आणि उरलेल्या पैशात स्टेनलेस स्क्रू, चाकाचा ट्रस रॉड आणि सीलबंद नेक खालपर्यंत जावी, असं मला फार वाटतं. दरवर्षी निघणारे मर्यादित रंगही थोडे कमी करा. काळा, पांढरा आणि सनबर्स्ट एवढे रंग आमच्या मंडपात कधीच कमी पडलेले नाहीत.

२०२४ च्या प्लेयर टू मध्ये तुम्ही फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर केल्यात. हाताला त्या लगेच जाणवतात. सायरसारख्या नव्या कंपनीने स्वस्त बेसमध्ये तशा कडा आधीच दिल्या होत्या, आणि म्हणूनच आमच्याकडची नवी मुलं आता फेंडरआधी सायरची चौकशी करतात. हे वाचून तुम्हाला राग येऊ नये, काळजी वाटावी, एवढंच.

शेवटी एक विनंती. प्रयोगशाळेत तुम्ही ओलाव्याच्या चाचण्या करतच असाल. तरी नव्या नेकचे चार-पाच नमुने मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात इथे पाठवा. एक भाजलेल्या मेपलचा, एक ग्रॅफाइटच्या सळ्यांचा, एक दोन्हींचा, आणि तुलनेसाठी एक नेहमीचा. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या घरांत, वाजवणाऱ्या माणसांच्या हातात ते दसऱ्यापर्यंत राहतील. दर पंधरा दिवसांनी सातव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने मोजू, त्या दिवशीचा घरातला ओलावा लिहू, सॅडलच्या स्क्रूंचे फोटो काढू आणि सगळं तुमच्याकडे पाठवू. मोबदला नको. ॲलन की मात्र बरोबर द्या, दोन्ही मापांच्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मालवणचा एक बेसवादक